शंकू आणि गाळणी : जलद भिंगांसाठी अरुंद पट्ट्याच्या फिल्टरांची निवड

१

आकाशातील तेजोमेघांचे छायाचित्रण करणाऱ्या अभ्यासकांत दोन सूत्रे आज जवळजवळ सिद्धान्तासारखी प्रमाण मानली जातात. पहिले असे की, फिल्टरचा पट्टा जितका अरुंद तितका तो फिल्टर श्रेष्ठ. दुसरे असे की, भिंग जितके जलद तितके चित्र लवकर सिद्ध होते. ह्या दोन्ही सूत्रांमागे अनुभव आहे, आणि स्वतंत्रपणे पाहिल्यास दोहोंपैकी एकही खोटे नाही. परंतु एकाच साधनात ती दोन्ही एकत्र आली म्हणजे परस्परांना बाधक ठरतात. ही बाधा केवढी असते ह्याचा हिशेब न करताच फिल्टरची निवड पुष्कळदा केली जाते, आणि मग पैसा व रात्री दोन्ही वाया जातात.

प्रस्तुत लेखात ह्या दोन सूत्रांची एकत्र तपासणी करावयाची आहे. विवेचन हवेत राहू नये म्हणून ते एका स्थानाशी बांधून घेणे सोयीचे होईल. नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातील चिंचपाडा हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरील गाव आपण डोळ्यांपुढे आणू. तेथील एखादा शिक्षक किंवा विद्यार्थी बेताच्या खर्चात एक भिंग, एक कॅमेरा आणि एकच फिल्टर घेऊ इच्छितो, असे समजू. त्याने कोणता फिल्टर घ्यावा? प्रश्न साधा दिसतो. पण त्याच्या उत्तरासाठी फिल्टर म्हणजे नेमके काय, येथपासून आरंभ करावा लागतो.

२

तेजोमेघांचा प्रकाश ताऱ्यांच्या प्रकाशासारखा अखंड वर्णपटात पसरलेला नसतो. तो बव्हंशी मोजक्या रेषांत एकवटलेला असतो. हायड्रोजनची तांबडी रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या हिरवट रेषा ५००.७ आणि ४९५.९ नॅनोमीटरवर, तर एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या गंधकाची तांबडी जोडी ६७१.६ आणि ६७३.१ नॅनोमीटरवर असते. आकाशाचा पार्श्वप्रकाश मात्र सर्व तरंगलांबींत पसरलेला असतो. तेव्हा केवळ रेषेभोवतीचा अरुंद पट्टा आत घेतला आणि बाकीचा प्रकाश अडवला, तर तेजोमेघाचा प्रकाश जवळजवळ सगळा मिळतो आणि आकाशाचा उजेड फारच थोडा मिळतो. अरुंद पट्ट्याच्या फिल्टरचे सारे सामर्थ्य ह्या एका गोष्टीत आहे.

ह्या रेषांच्या इतिहासात महाराष्ट्राचाही वाटा आहे. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स ह्यांनी तेजोमेघाच्या वर्णपटात प्रथम तेजस्वी रेषा पाहिल्या. त्यांतील मुख्य हिरवी रेषा कोणत्या मूलद्रव्याची, ह्यावर पुढे मोठा वाद झाला. नॉर्मन लॉकियर ह्यांच्या मते ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड होती. तसे असते तर ती एका बाजूस विरत गेलेली दिसावयास हवी होती. पुण्यात, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या वेधशाळेत, प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला ह्यांनी मृगातील तेजोमेघाचा वर्णपट तपासला, आणि ती रेषा तीक्ष्ण असल्याचा निर्वाळा १८९१ मध्ये प्रसिद्ध केला. ती रेषा ऑक्सिजनची आहे, हे आयरा बोवेन ह्यांनी १९२७ मध्ये दाखवून दिले. आज बाजारात ऑक्सिजनचा म्हणून जो फिल्टर मिळतो, तो त्याच ५००.७ नॅनोमीटरच्या रेषेसाठी असतो.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण केवळ अभिमानाचे नाही. वर्णपटदर्शकात दुर्बिणीतून आलेला प्रकाश फटीतून पुढे गेल्यावर एका भिंगाने आधी समांतर केला जातो आणि नंतरच लोलकावर किंवा जाळीवर पडतो. प्रकाशाचे किरण एकाच दिशेने येतील अशी तजवीज त्या साधनात मुळातच केलेली असते. आजच्या छायाचित्रकाराचा फिल्टर मात्र सामान्यतः भिंग आणि कॅमेरा ह्यांच्या मध्ये, निमुळत्या होत जाणाऱ्या प्रकाशशंकूत बसवलेला असतो. तेथे किरण समांतर नसतात, आणि सर्व अडचणीचे मूळ हेच आहे.

३

मराठीत फिल्टरला आपण गाळणी म्हणतो. बोलण्याच्या सोयीला हा शब्द चांगला आहे. पण ह्या ठिकाणी तो दिशाभूल करतो. चहाच्या गाळणीवर चहा सरळ ओतला काय किंवा तिरपा ओतला काय, तिची छिद्रे तेवढीच राहतात. रंगीत काचेचा फिल्टरही बराचसा असाच वागतो, कारण त्यातील रंगद्रव्य प्रकाश शोषून घेते. अरुंद पट्ट्याचा फिल्टर मात्र शोषणावर चालत नाही. काचेवर एकावर एक चढवलेल्या अतिशय पातळ थरांमधून प्रकाशाचे अंश परावर्तित होतात आणि त्यांच्या परस्पर व्यतिकरणाने एक विशिष्ट तरंगलांबी पार होते, बाकीच्या परत फिरतात. कोणती तरंगलांबी पार होणार हे थरांच्या जाडीवर अवलंबून असते, आणि किरण तिरपा आला की त्याच्या लेखी ती जाडी बदलते. ह्या गाळणीची छिद्रे, असे म्हणता येईल की, ओतणाऱ्याच्या हाताप्रमाणे जागा बदलतात.

हा बदल नेहमी एकाच दिशेने होतो. किरण जितका तिरपा, तितका फिल्टरचा पट्टा कमी तरंगलांबीकडे, म्हणजे निळ्या बाजूस, सरकतो. किरणाच्या कोनाच्या ज्येला थरांच्या परिणामी वक्रीभवनांकाने भागावे, त्याचा वर्ग एकातून वजा करावा, आणि त्या बाकीच्या वर्गमुळाने मूळ तरंगलांबीस गुणावे. म्हणजे सरकलेली तरंगलांबी मिळते. हा वक्रीभवनांक फिल्टरच्या रचनेनुसार सामान्यतः १.७ ते २.१ ह्यांच्या दरम्यान असतो. पुढील सर्व गणनेत तो २ धरला आहे.

‘जलद’ हा दुसरा शब्दही असाच तपासून घेतला पाहिजे. भिंग जलद आहे, ह्याचा अर्थ त्याचा व्यास नाभीय अंतराच्या मानाने मोठा आहे, इतकाच. एफ/२ म्हणजे नाभीय अंतराच्या निम्मा व्यास. एफ/४ म्हणजे चतुर्थांश. जलदपणा हे त्याचे फळ आहे. त्याचे रूप मात्र रुंद शंकू हे आहे. एफ/१० च्या शंकूत कडेचा किरण अक्षाशी सुमारे ३ अंशांचा कोन करतो, एफ/४ मध्ये ७ अंशांचा, एफ/२.८ मध्ये १० अंशांचा. आणि एफ/२ मध्ये १४ अंशांचा. ‘जलद भिंग’ ह्याऐवजी ‘रुंद शंकूचे भिंग’ असा शब्द रूढ झाला असता, तर फिल्टर घेताना निम्मे लोक आपोआप सावध झाले असते.

४

आता ह्या कोनांचे परिणाम अंकांत पाहू. हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या रेषेसाठी कडेच्या किरणाचे विचलन एफ/१० मध्ये ०.२ नॅनोमीटर, एफ/४ मध्ये १.३, एफ/२.८ मध्ये २.५ आणि एफ/२ मध्ये ४.८ नॅनोमीटर इतके येते. अक्षावरच्या किरणाचे विचलन अर्थात शून्य असते. शंकूतील बाकीचे किरण ह्या दोहोंच्या मध्ये पडतात. आणि येथे एक फार उपयुक्त गोष्ट ध्यानात घ्यावयाची आहे. विचलन कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि भिंगातून येणारा प्रकाशही त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून शून्यापासून कमाल विचलनापर्यंतच्या सर्व पल्ल्यात प्रकाशाची वाटणी जवळजवळ सारखी असते. फिल्टर किती प्रकाश पार करील हे काढण्यास मग त्रैराशिक पुरेसे होते.

पट्टा आयताकार आहे आणि त्याचा मध्य बरोबर ६५६.३ वर आहे, असा ३ नॅनोमीटरचा आदर्श फिल्टर घेऊ. मध्यापासून त्याला दोन्ही बाजूंस दीड-दीड नॅनोमीटर जागा आहे. ज्या किरणांचे विचलन दीड नॅनोमीटरपेक्षा कमी, त्यांच्यातून रेषा पार होईल. बाकीच्यांतून होणार नाही. एफ/१० ला किंवा एफ/४ ला विचलनाचा सबंध पल्लाच दीडपेक्षा कमी असल्यामुळे सर्व प्रकाश पार होतो. पुण्याजवळ गिरवली येथे आयुकाची २ मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून आहे; तिचा शंकू एफ/१० चा असल्यामुळे असल्या फिल्टरला तेथे काहीही उपद्रव नाही. एफ/२.८ ला मात्र ५९ टक्केच प्रकाश पार होतो, आणि एफ/२ ला केवळ ३१ टक्के.

ह्या शेवटच्या अंकाचा अर्थ नीट समजून घ्यावा. एफ/२ चे भिंग एफ/४ च्या चौपट प्रकाश देते, म्हणूनच ते घेतले जाते. चौपटीतील ३१ टक्के म्हणजे सव्वापट. तेव्हा ह्या फिल्टरसह एफ/२ चे भिंग तेजोमेघाच्या दृष्टीने एफ/३.६ इतकेच जलद उरते. त्याहून वाईट असे की, आकाशाचा उजेड सर्व तरंगलांबींत पसरलेला असल्यामुळे पट्टा कोठेही सरकला तरी तो तितकाच आत येतो. म्हणजे आकाशाचा उजेड चौपट होतो आणि तेजोमेघ सव्वापट होतो. ज्या दोषाच्या निवारणासाठी फिल्टर घेतला तोच दोष तो येथे वाढवतो.

ज्या दुर्बिणींत कॅमेरा आरशासमोर नळीच्या तोंडाशी बसवतात, त्यांची स्थिती ह्याहूनही कठीण असते. कॅमेऱ्याच्या अडथळ्यामुळे शंकूचा मधला भाग रिकामा असतो, आणि सरळ, कमी विचलनाचे किरण नेमके तेथलेच असतात. व्यासाच्या ४५ टक्के अडथळा धरला, तर एफ/२ ला वरील फिल्टरमधून उरलेल्या प्रकाशापैकी सुमारे १३ टक्केच पार होतो. असे चित्र एफ/४ च्या साध्या भिंगाच्या चित्रापेक्षा निम्म्याहूनही फिके येईल.

५

ह्यावर उपाय म्हणून निर्माते फिल्टरचा मध्य आधीच तांबड्या बाजूस सरकवून ठेवतात. मग शंकूने केलेले विचलन त्याला पुन्हा योग्य जागी आणते. कल्पना बिनचूक आहे. एफ/२ साठी मध्य २.४ नॅनोमीटरने पुढे नेला, तर ३ नॅनोमीटरच्या फिल्टरमधून ३१ ऐवजी ६२ टक्के प्रकाश पार होतो. पण ‘जलद भिंगांसाठी’ एवढेच शब्द वेष्टनावर असणे पुरेसे नाही. एफ/२ साठी सरकवलेला फिल्टर एफ/४ ला लावला तर तो रेषा आपल्या पट्ट्याबाहेरच ठेवण्याचा संभव असतो. असा फिल्टर एका शंकूचा असतो, सर्व शंकूंचा नव्हे.

मग रुंदी किती असावी? पार्श्वभूमीत आकाशाच्या उजेडाचेच चढउतार प्रमुख आहेत असे धरले, तर फिल्टरची खरी किंमत पार झालेल्या रेषाप्रकाशाला पट्ट्याच्या रुंदीच्या वर्गमुळाने भागून मिळते. हा हिशेब केला असता फार सोपा नियम हाती येतो. सरकवलेल्या फिल्टरसाठी सर्वोत्तम रुंदी म्हणजे विचलनाच्या पल्ल्याइतकी रुंदी. न सरकवलेल्यासाठी त्या पल्ल्याच्या दुप्पट. ह्याहून अरुंद फिल्टर रेषेचा प्रकाश कापतो, ह्याहून रुंद फिल्टर आकाशाचा उजेड विनाकारण आत घेतो.

एफ/२ पुरते बोलावयाचे तर, सुमारे ५ नॅनोमीटरचा सरकवलेला फिल्टर सर्वांत सरस ठरतो. त्याची किंमत १०० धरली, तर ३ नॅनोमीटरच्या सरकवलेल्या फिल्टरची ७९, जवळजवळ १० नॅनोमीटरच्या साध्या फिल्टरची ७१, ७ नॅनोमीटरच्या साध्याची ६० आणि ३ नॅनोमीटरच्या साध्याची अवघी ३९ येते. ‘जितका अरुंद तितका श्रेष्ठ’ ह्या सूत्राप्रमाणे पहिला यावयास हवा होता तो फिल्टर येथे शेवटचा आला, आणि जुनाट म्हणून बाजूस सारलेला रुंद फिल्टर त्याच्या बराच पुढे निघाला. लागणारा वेळ ह्या किंमतींच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे उत्तम फिल्टरने जे एका तासात साधेल त्याला ३ नॅनोमीटरच्या साध्या फिल्टरने साडेसहा तास लागतील.

येथे न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्यक्ष फिल्टरचा पट्टा आयताकार नसतो. त्याच्या कडा उतरत्या असतात, आणि मध्यही काही दशांश नॅनोमीटर इकडेतिकडे असू शकतो. त्यामुळे वरील अंक तंतोतंत नसून दिशादर्शक आहेत. शिवाय अरुंद फिल्टरमध्ये तारे बारीक दिसतात, आणि शेजारच्या रेषा वेगळ्या राहतात. हायड्रोजनच्या रेषेलगत ६५४.८ आणि ६५८.४ नॅनोमीटरवर नायट्रोजनच्या रेषा आहेत. अरुंद पट्टा त्यांपैकी निदान दुसरीला बाहेर ठेवतो, असा त्याच्या पुरस्कर्त्यांचा दावा असतो. संथ शंकूत तो खरा आहे. परंतु एफ/२ साठी सरकवलेल्या ३ नॅनोमीटरच्या फिल्टरमध्ये अक्षाजवळचे किरण ६५७.२ ते ६६०.२ एवढाच पट्टा पाहतात. त्यांच्यातून हायड्रोजन मुळीच येत नाही आणि नायट्रोजन येतो! सबंध शंकूचा विचार केला तर ६५८.४ च्या रेषेचा ३८ टक्के प्रकाश आत येतो. अशा चित्राला केवळ हायड्रोजनचे चित्र म्हणणे धाडसाचे होईल.

६

येथवरचा प्रश्न चित्र फिके येण्याचा होता. पण ह्याहून गंभीर प्रश्न चित्र खोटे बोलण्याचा आहे. गंधकाच्या उदाहरणाने तो स्पष्ट होईल.

गंधकाच्या दोन रेषा एकमेकींपासून जवळजवळ दीड नॅनोमीटर दूर आहेत. ३ नॅनोमीटरच्या पट्ट्यात त्या दोन्ही बसवल्या की प्रत्येक कडेला पाऊण नॅनोमीटरच जागा उरते. एफ/४ ला विचलनाचा पल्ला १.३ नॅनोमीटर आहे. म्हणून त्याच एफ/४ ला, त्याच ३ नॅनोमीटरच्या रुंदीत, हायड्रोजनची रेषा पूर्ण पार होते. परंतु गंधकाच्या ६७३.१ च्या रेषेचा ४० टक्के प्रकाश अडतो. विरळ वायूत ह्या जोडीचा जो नेहमीचा वाटा असतो तो धरला, तर एकंदर गंधकप्रकाशाचा सुमारे सहावा हिस्सा गमावला जातो. तीनही रेषांसाठी एकाच रुंदीचा संच घ्यावा, हा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो म्हणूनच तपासून घेतला पाहिजे.

हौशी चित्रात सहावा हिस्सा गेला तर बिघडले काय, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर असे की, गंधक आणि हायड्रोजन ह्यांच्या प्रकाशाचे गुणोत्तर हे खगोलशास्त्रातील एक साधन आहे. हे गुणोत्तर सुमारे ०.४ हून अधिक असेल तर तो वायू आघातलहरीने तापलेला, म्हणजे बहुधा अतिनवताऱ्याचा अवशेष. त्याहून बरेच कमी असेल तर तो तप्त ताऱ्यांच्या प्रकाशाने उजळलेला साधा तेजोमेघ, असा निकष वापरतात. ज्याचे खरे गुणोत्तर ०.४५ आहे तो मेघ वरील फिल्टरमधून ०.३७ चा दिसेल, आणि अवशेषांच्या यादीतून वगळला जाईल. रुंद क्षेत्राच्या भिंगात चौकटीच्या कडेला सबंध शंकूच कलता होतो. तेथे हा दोष आणखी वाढतो, आणि एकाच मेघाच्या मध्यावर व कडेवर निराळे गुणोत्तर दिसून निसर्गात नसलेला फरक चित्रात उत्पन्न होतो. दूरस्थ मेघांच्या नव्या शोधांत हौशी छायाचित्रकारांचा वाटा आज वाढत आहे. अशा वेळी ही बाब केवळ रंगसंगतीची राहत नाही.

तीन रेषांच्या रंगीत चित्रांचा आदर्श ज्या चित्राने घालून दिला ते १९९५ मधील गरुड तेजोमेघाच्या स्तंभांचे चित्र होय. जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन ह्यांनी ते हबल दुर्बिणीतून घेतले. त्यात गंधकाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा व ऑक्सिजनला निळा रंग दिला होता. ती रंगयोजना आज सर्वत्र अनुकरली जाते. तिच्यामागचे फिल्टर मात्र क्वचितच कोणी पाहिले असतील. तेथे हायड्रोजनचा फिल्टर सुमारे २ नॅनोमीटरचा होता, ऑक्सिजनचा पावणेतीनच्या आसपास, आणि गंधकाचा पावणेपाचच्या आसपास. गंधकाला दोन रेषा आहेत म्हणून त्याला मुद्दाम रुंद पट्टा दिला होता. शिवाय हबलचा मूळ शंकू एफ/२४ चा, म्हणजे अतिशय अरुंद आहे. तेथे २ नॅनोमीटरचा फिल्टर शोभतो. आपण त्या चित्राचे रंग घेतले, त्याची अरुंदता घेतली. त्याचा शंकू आणि त्याचा विवेक मात्र घ्यावयाचे राहून गेले.

७

आता चिंचपाड्याकडे वळू. गाव सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मृगातील तेजोमेघ तेथे मध्यमंडलावर सुमारे ६३ अंश उंच येतो आणि धनूतील मेघ ४५ अंशांच्या आसपास. म्हणजे आकाशाची कृपा पुरेशी आहे. सुरत शहर शंभर किलोमीटरांहून दूर आहे. उजेड येतो तो गावचा, स्थानकाचा आणि महामार्गाचा. पूर्वीचे सोडियमचे दिवे ५८९ नॅनोमीटरच्या जवळपासच प्रकाश देत, आणि तेवढाच भाग अडवणारा साधा फिल्टर पुष्कळ काम करी. २०१५ मध्ये सरकारने रस्त्यांवरील दिवे बदलण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केल्यापासून पांढरे एलईडी दिवे सर्वत्र पसरले आहेत. त्यांचा प्रकाश अखंड वर्णपटाचा असल्यामुळे तो जुना उपाय लंगडा पडतो. चांदण्याचेही तसेच आहे. म्हणून अरुंद पट्ट्याची गरज येथेही आहे, पण शहराइतकी तीव्र नाही. आकाश जितके काळोखे, तितके अतिअरुंद पट्ट्याचे जादा फळ कमी. कारण मग आकाशाऐवजी कॅमेऱ्याच्या स्वतःच्या नोंदीतील चढउतार वरचढ होतात, आणि त्यांच्यापुढे पार झालेला प्रकाश हीच एक जमेची बाजू उरते.

उलट, जलद भिंगाची गरज येथे खरी आहे आणि तिचे कारण पाऊस हे आहे. हंसातील मेघ मध्यरात्री माथ्यावर असतात ते नेमके पावसाळ्यात. आकाश मोकळे होते ऑक्टोबरात; त्या वेळी काळोख पडल्यापासून चार-पाच तास ते पुरेसे उंच असतात, आणि नोव्हेंबरअखेर सुमारे दोनच तास उरतात. ज्याच्या हाती एका रात्रीचे चारच तास आहेत त्याला साडेसहा पटीचा तोटा म्हणजे केवळ गैरसोय नव्हे. ते चित्र त्या वर्षी होणारच नाही, असा त्याचा अर्थ आहे.

अशा अभ्यासकापाशी १३५ मिलिमीटरचे एफ/२ चे जुने भिंग आहे असे समजू. हे भिंग बेताच्या किमतीत मिळू शकते. त्याच्यामागे ३ नॅनोमीटरचा साधा फिल्टर बसवला तर काय होते ते वर पाहिलेच आहे. पण तोच फिल्टर भिंगाच्या पुढे बसवला तर? ताऱ्यांकडून येणारे किरण तेथे समांतर असतात. शंकूचा प्रश्नच उरत नाही. उरतो तो केवळ क्षेत्राच्या कोनाचा. मध्यम आकाराच्या, म्हणजे सुमारे २४ गुणिले १६ मिलिमीटरच्या, संवेदकावर कोपऱ्यापर्यंतचा कोन ६ अंश भरतो आणि तेथील विचलन ०.९ नॅनोमीटर येते. दीड नॅनोमीटरच्या आत असल्यामुळे सबंध चौकटीत रेषा पूर्ण पार होते. दोन इंची फिल्टरची मोकळी जागा सुमारे ४५ मिलिमीटर असल्यामुळे भिंग एफ/३ चे होईल, हे खरे. परंतु एफ/३ ला मिळणारा प्रकाश एफ/२ च्या ४४ टक्के आहे, आणि फिल्टर मागे लावून एफ/२ ला मिळत होता तो ३१ टक्के! म्हणजे भिंग मंद करूनही तेजोमेघाचा प्रकाश दीडपट मिळाला, आणि आकाशाचा उजेड निम्म्याहून कमी झाला. कोपऱ्यांत थोडी अंधारी येईल आणि फिल्टरची काच सपाटीला चोख असावी लागेल, एवढीच काय ती अट.

गंधकासाठी मात्र ह्या मांडणीतही कोपऱ्यात पाऊण नॅनोमीटरची मर्यादा किंचित ओलांडली जाते. तेथे थोडा रुंद फिल्टरच बरा. आणि एकच फिल्टर घ्यावयाचा असेल तर तो हायड्रोजनचा घ्यावा, कारण बहुतेक मेघांत ती रेषा ठळक असते आणि ती एकटी असल्यामुळे तिला जागाही कमी पुरते.

फिल्टर भिंगामागेच बसवावयाचा असेल तर निर्मात्याला तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात : त्या विशिष्ट फिल्टरचा मोजलेला आलेख, थरांचा परिणामी वक्रीभवनांक, आणि मध्याच्या जागेतील चूक किती असू शकते तो आकडा. वक्रीभवनांक २ ऐवजी १.७ निघाला तर एफ/२ ला विचलनाचा पल्ला ४.८ वरून ६.७ नॅनोमीटरवर जातो, आणि वरचे सर्व हिशेब बदलतात. ही माहिती मिळत नसेल तर रुंद फिल्टर घेणे, किंवा भिंगाचे द्वार एफ/४ पर्यंत लहान करणे, हाच शहाणपणा होय.

८

ह्या सर्व विवेचनाचा मथितार्थ थोडक्यात सांगता येईल. फिल्टरची रुंदी हा त्याचा स्वयंभू गुण नाही. अंगरख्याचे माप जसे अंगावाचून ठरत नाही, तसे फिल्टरचे माप शंकूवाचून ठरत नाही. प्रथम शंकू मोजावा, मग आपल्याला हवी असलेली रेषा एकटी आहे की जोडीने आहे ते पाहावे, मग आकाशाचा काळोख आणि हाती असलेल्या रात्री पाहाव्यात, आणि सरतेशेवटी रुंदी ठरवावी. आज हा क्रम बहुधा उलटा असतो : आधी सर्वांत अरुंद फिल्टर, मग सर्वांत जलद भिंग, आणि शेवटी चित्र फिके का आले ह्याची चिकित्सा.

पुण्याच्या वेधशाळेतील उपकरणे १९१२ मध्ये कोडईकनालला गेली. परंतु तेथे झालेल्या कामातून घेण्याजोगा धडा अद्याप जुना झालेला नाही. एक रेषा तीक्ष्ण आहे की विरत गेलेली आहे, हे सांगण्यापूर्वी आपले साधन त्या रेषेचे काय करते हे जाणून घ्यावे लागते. चिंचपाड्याच्या एखाद्या गच्चीवरून घेतलेल्या चित्रात मेघाचा एखादा तंतू दिसला नाही, तर तो आकाशात नाही की आपल्या गाळणीने तो अडवला, हे त्या अभ्यासकाला सांगता आले पाहिजे. ते सांगता येईल तेव्हाच त्याचे चित्र शोभेच्या वस्तूवरून निरीक्षणाच्या पदवीला चढेल.